आधी मोठे कासव वाचव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या वेळासहून परतल्यावर लिहिलेले तुझे पत्र मिळाले. समुद्राकडे धावणारी कासवाची पिल्ले पाहून तू हरखलीस, आणि तापलेल्या वाळूतून माद्याच जास्त निघतात हे कळताच खचलीस. "सर, मग उपयोग काय?" असे विचारतेस आणि "आपल्या रावेरला तर समुद्रही नाही" अशी पुस्तीही जोडतेस. दोन्हींचे उत्तर एकच आहे: मोठे कासव वाचव.

साधारण 29-30 अंशांच्या वर वाळू तापली की माद्यांचे प्रमाण वाढते आणि आणखी तापली तर अंडीच दगावतात, ही गोष्ट गंभीर आहेच. पण हॅचरीवर, म्हणजे अंडी राखण्यासाठी पुरून ठेवतात त्या कुंपणाच्या जागेवर, सावली धरता येते, अंडी हलवता येतात. वेळासला 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि ग्रामस्थांनी घरटी राखली, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र हजार पिल्लांतून जेमतेम एखादे मोठे होते असे मानतात, आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढे निभावून विणीला आलेली मादी ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेतात त्या मोठ्या जाळ्याच्या, एका ओढीत गेली, तर किती पिल्लांनी ती भरून काढायची? लॉगरहेड कासवांवरच्या 1987 च्या अभ्यासाने हेच गणित मांडले: नुसती घरटी राखून संख्या सावरत नाही. मोठे कासव वाचले पाहिजे.

ओडिशाच्या किनाऱ्यावर मी अशी मादी पाहिली आहे. पाठीवर ओरखडा नव्हता. मान सुजलेली, डोळे बाहेर आलेले आणि पोटात अंडी. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळे वेळेत वर आले नाही तर ते बुडून मरते. जानेवारी 2025 मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवे लागली. 2021 साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी त्याच महिन्यात कोकणात गुहागरला अंडी घालताना सापडली. वाटेतल्या एखाद्या जाळ्यात ती अडकली असती, तर गुहागरला घरटे झालेच नसते.

खान्देशात बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, हे मी आयुष्यभर ऐकले. भुसावळच्या बाजारात बर्फातून येणारी कोळंबी कोणत्या जाळ्यातली, हे विचारायला दारात समुद्र लागत नाही! मी विचारत राहिलो, कासवाला सुटकेची वाट देणारी लोखंडी चौकट ट्रॉलच्या जाळ्याला बसवावी म्हणून अर्ज करत राहिलो, त्यापायी माणसे दुरावली, आणि तरीही मी आज तेच करीन. खंत एवढीच, की नोकरी आणि घर यांतून बंदरावर जाऊन राहणे मला जमले नाही.

तुला जमेल. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णै बंदरावर जा आणि जाळी दुरुस्त करणाऱ्या खलाशांजवळ बस. जाळे किती वेळ ओढतात, त्या चौकटीतून किती मासळी निसटेल असे तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, वाटते, हे विचार. वाद घालू नकोस, त्यांचे पोट त्यावर आहे. कासव सोडवताना जाळे कापावे लागले तर भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात आहे. ती त्यांच्यापैकी कोणाला मिळाली, कोणाची अडली, तेही लिहून घे. पिल्लांचे फोटो पुरे झाले, पुढच्या पत्रात मला हा तपशील हवा आहे.

तुझे सर