गॅरेज कट्टा : एमजीएचं हेड बदलू की तेच दुरुस्त करू?

प्रश्न : नमस्कार काका. आजोबांची एमजीए आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, 1958 ची, 1500 वाली. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं ते बघून आल्यापासून बाबांनी गाडी चालू करायचीच असं मनावर घेतलंय. इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर मधल्या दोन एक्झॉस्ट सीटच्या (वाल्व जिथे टेकतो त्या कडांच्या) मधे केसासारखी रेघ दिसली. मेकॅनिक म्हणतो अँबॅसिडरचं हेड टाकून देऊ, इंजिन एकच आहे. लंडनचा आतेभाऊ म्हणतो एमजीबीचं, म्हणजे एमजीएच्या नंतरच्या मॉडेलचं, ॲल्युमिनियमचं हेड पाठवतो, पॉवर पण वाढेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. ती रेघ तडा आहे की नुसता कार्बन, हे आधी कळू दे. हेड नीट धुवून मकरपुरा जीआयडीसीत एखाद्या इंजिनवाल्या मशीन शॉपमधे घेऊन जा आणि डाय टेस्ट करा म्हणावं. लाल डाय मारतात, थोडा वेळ ठेवून पुसतात, वरून पांढरा डेव्हलपर मारतात, तडा असला की पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, समोर उभं राहून बघा. मग पाण्याचे रस्ते बंद करून प्रेशर टेस्ट. जागा मात्र संशय यावा अशीच आहे, कारण या इंजिनात चार सिलिंडरला एक्झॉस्टचे पोर्ट (धूर बाहेर जायच्या वाटा) तीनच, 2 आणि 3 नंबरचा मिळून एकच, त्यामुळे सगळी आग तिथेच जमा होते.

मेकॅनिक थापा मारत नाहीये. अँबॅसिडरला बरीच वर्षं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) 1489 सीसीचं जे पेट्रोल इंजिन यायचं ते आणि तुमचं एकाच घराण्यातलं, बी सिरीज, बोअर 73 मिमी आणि स्ट्रोक 89. पण ते फॅमिली गाडीचं ट्यूनिंग, तुमच्याकडे दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत. हेड विकत घ्यायच्या आधी वर्निअर लावून वाल्व मोजा : एमजीए 1500 चा इनटेक वाल्व दीड इंचाचा, त्यापेक्षा लहान निघाला तर गाडी चालेल हो, पण जोरात पळवताना जीव नसेल. गाडी हलती ठेवायला ठीक, कायमचं नको.

आतेभावाच्या हेडचं म्हणाल तर ते बनलंय 1798 सीसीच्या इंजिनासाठी, त्याचं चेंबर (पेट्रोल जळायची जागा) मोठं असतं. तुमच्या एका सिलिंडरचे 372 सीसी, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 8.3, म्हणजे वर जागा उरते साधारण 51 सीसी, त्यात नुसते 5 सीसी वाढले की कॉम्प्रेशन 7.6 वर येतं. पॉवरसाठी आणलेलं हेड पॉवर खाणार! मग ते भरून काढायला हेड घासा, शिवाय एमजीबीचा बोअर 80 मिमीच्या वर, त्यामुळे ते मोठे वाल्व तुमच्या ब्लॉकच्या काठाला लागत नाहीत ना ते बघा, आणि हे सगळं करून ॲल्युमिनियममधे बोअरवेलचं पाणी ओतलंत तर आतून खाल्लं जाईल, कूलंटच घालावं लागेल.

माझं मत विचाराल तर मूळचं लोखंडी हेडच ठेवा. तडा नसेल किंवा सीटपुरता वरवरचा असेल तर एक्झॉस्टला हार्ड सीट इन्सर्ट (कडक धातूच्या कड्या) बसवून घ्या, वाल्वचे गाईड नवे, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) लागेल तेवढंच. इन्सर्ट तसेही हवेतच. आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर लेडवालं (शिसं घातलेलं) पेट्रोल बंद झालं, त्या लेडचा थर सीटला गादीसारखा असायचा, तो गेल्यावर वाल्व सीट ठोकत ठोकत आत जातो आणि टॅपेटचा गॅप (वाल्व आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधली फट) आपोआप कमी होत राहतो. तडा पाण्यापर्यंत गेला असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका, एमजीए 1500 चंच जुनं हेड शोधा, आतेभावाला तेच काम द्या.

आणि एक, हे मेकॅनिकला वाचून दाखवा. हेडचे नट अकरा, त्यातले चार रॉकरच्या पेडेस्टलमधूनही (रॉकर ज्यावर बसतात त्या खुंट्यांमधूनही) जातात. रॉकर काढताना नुसते ते चार सोडले तर हेड वाकतं आणि पाणी सिलिंडरमधे उतरतं. आधी पाणी काढायचं, मग अकराही नट क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे. परत बसवताना 50 फूट-पौंड, टॉर्क रेंचनेच, हाताच्या अंदाजाने नाही, आणि थोडी चालवून झाल्यावर थंड इंजिनवर पुन्हा एकदा चेक.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत ई20 (20 टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल टाकलं तर हेड खराब होईल का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : थेट हेड नाही, पण इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि कार्ब्युरेटरचं जेट-नीडल जुन्याच सेटिंगवर ठेवलं तर इंजिन गरम चालतं, मेमधे तर विचारायलाच नको. मिक्श्चर थोडं रिच करून घ्या. आणि त्याच्याही आधी पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायाफ्राम बदला, ते फुगून गळायला लागतात आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.