कमी वयात हार्ट अटॅक आणि एपीएस, वार्फरिन सोडून नवी गोळी घेतली तर चालेल का?

ताई, तुम्ही विचारलंय की बहीण 29 वर्षांची, अँजिओत ब्लॉकेज नाही नुसती गुठळी निघाली, डॉक्टर एपीएस (शरीरातल्या चुकीच्या अँटीबॉडींमुळे रक्तात गुठळ्या होतात तो आजार) म्हणतायत, तर सारखं रक्त तपासायला लावणाऱ्या वार्फरिनऐवजी (रक्त पातळ ठेवायची जुनी गोळी) रिव्हारोक्साबॅनसारखी नवी गोळी का नको. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, माझ्या बायकोला 33व्या वर्षी हेच झालं, म्हणून कळकळीने सांगतो, स्वतःहून अजिबात बदलू नका.

आम्हीपण हेच विचारलेलं. तेव्हा डॉक्टरांनी इटलीतल्या 2018च्या ट्रायलबद्दल सांगितलं, एपीएसच्या तिन्ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह असलेले 120 पेशंट, रिव्हारोक्साबॅनवाल्यांत 4 जणांना स्ट्रोक आणि 3 जणांना अटॅक, वार्फरिनवाल्यांत एकालाही नाही, शेवटी ट्रायल मध्येच थांबवावी लागली. धमनीत गुठळी झालेल्यांना म्हणूनच वार्फरिन देतात.

माझ्या बायकोच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा आधी एका दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून परत पाठवलं, एवढ्या तरुण बाईला अटॅक कोणाच्या मनातच येत नाही हो. नशिबाने नंतर हेल्थ सेंटरमध्ये ईसीजी काढला, तो बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी बघितला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं आणि 108ने नेलं. नळ्या स्वच्छ होत्या म्हणून स्टेंटची गरज पडली नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, आधी गर्भपात झालेत का? दोन झालेले, पण त्याचा रक्ताशी संबंध असेल असं तोवर कोणी बोललंच नव्हतं.

बहिणीची टेस्ट 12 आठवड्यांनी परत झाली का ते नक्की विचारा, एकदाच पॉझिटिव्ह आली म्हणून एपीएस पक्का होत नाही, आणि हेपरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) चालू असताना ल्युपसवाली टेस्ट, म्हणजे त्या तिन्हींपैकी एक, चुकूही शकते.

वार्फरिनवर असताना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, 2 ते 3मध्ये ठेवायचा. गणेश चवथीत घरी रोज तांबडी भाजी, अळू, त्याने गोळीचा असर कमी होऊन बायकोचा आयएनआर 1.4वर आला, आम्ही हादरलोच. पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढ्याच खायच्या. अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लो वगैरे आणून घेऊ देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो.

आणि बहिणीला मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, वार्फरिनमुळे पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकतं, त्या काळात हेपरिनची इंजेक्शनं देतात, पोटावर घरीच टोचायची असतात.