पहिल्या महायुद्धाचं जुनं फुटेज बघायला सुरुवात करतोयस ना? मग हे वाच

सगळ्यात आधी स्पीड बघ. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम्स, आणि तेच आज २४ ने लावलं की सैनिक तुरुतुरु पळतात आणि आपल्याला हसू येतं, पण ती माणसं तशी चालत नव्हती रे! नीट स्पीडची कॉपी शोध.

दुसरं म्हणजे प्रत्येक सीन खराच असेल असं धरून चालू नकोस. १९१६ चा 'द बॅटल ऑफ द सोम' घे, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरचा ब्रिटिश माहितीपट, मॅलिन्स आणि मॅकडॉवेल या दोन कॅमेरामननी शूट केलेला. त्यात हॉथॉर्न रिज या जर्मन ठाण्याखालचा सुरुंग उडतो तो १ जुलैचा, म्हणजे लढाईच्या पहिल्या दिवसाचा, खराखुरा स्फोट आहे, पण खंदकातून वर चढणारी ती फेमस तुकडी मात्र आघाडीच्या मागे सेट करून घेतलेली. कसं ओळखायचं? पाठीवर पुरतं सामानच नाही, आणि कॅमेरा अशा जागी उभा की खऱ्या लढाईत कॅमेरामन पहिल्या मिनिटालाच गेला असता. ट्रायपॉडवरचं ते जड धूड घेऊन कोण तिथे उभं राहणार?

आणि हो, रंगवलेल्या व्हर्जनवर भाळू नकोस, रंग आणि आवाज नंतरचे आहेत, मूळ फिल्म मुकीच.

मला स्वतःला लढाईपेक्षा आघाडीच्या मागच्या गोष्टी आवडतात, म्हणजे सामानाची गाडी ओढत जाणारे गावकरी, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारी पोरं. तिथे पॉज करून चेहरे बघ, घाई करू नकोस.