चुकतंय ते शेवटच्या ओळीत

प्रश्न : मुलगी नववीत आहे. सहामाहीला बीजगणितात ४० पैकी ११ पडले. तिला दहावीनंतर इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय, पण क्लासचे सर म्हणतात, हिला गणिताचं डोकं नाही. सरळ आर्ट्सला घालावं का? वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. – एक पालक, तासगाव

उत्तर : बरं झालं फोटो पाठवलात, नुसत्या ११ गुणांवरून मला काहीच सांगता आलं नसतं. पानावरचं पहिलं गणित बघा :

५(क्ष − ३) = २क्ष + ९
५क्ष − १५ = २क्ष + ९
५क्ष − २क्ष = ९ + १५
३क्ष = २४

इथपर्यंत सगळं बरोबर. कंस सोडवताना ५ नं दोन्ही पदांना गुणायला ती विसरलेली नाही, आणि भल्याभल्यांचं घोडं तिथंच अडतं. पुढं मात्र लिहिलंय, क्ष = २४ − ३ = २१. खालच्या दोन गणितांतही नेमकी हीच चूक आहे.

याचं कारण ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हे पाठ केलेलं वाक्य. १५ पलीकडे गेले, चिन्ह बदललं, जमलं. मग ३ ला तरी का सोडायचं? पण तो ३ क्ष ला गुणतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंना ३ नं भागायला हवं. क्ष = ८. ताळा करून बघा : डावीकडे ५ × ५ = २५, उजवीकडे १६ + ९ = २५. तिच्या २१ चा ताळा केला तर ९० आणि ५१ येतात. ताळा केला असता तर चूक तिची तिलाच सापडली असती.

तिला एक गणित तिच्या आवडीचं घाला. इस्त्रीचा रोध ४६ ओहम, घरचा दाब २३० व्होल्ट, तर विद्युतधारा किती? दाब म्हणजे धारा गुणिले रोध, म्हणून २३० = धारा × ४६. जुन्या सवयीनं २३० − ४६ करून १८४ अँपिअर आले तर ती स्वतःच हसेल, एवढ्यानं घरातलं वायरिंग जळून जाईल. भागलं की येतात ५.

महिनाभर रोज पाचच गणितं, आठवीच्या पुस्तकातली एकचल समीकरणं. प्रत्येक ओळीसमोर ‘दोन्ही बाजूंना काय केलं’ ते शब्दांत लिहायचं आणि शेवटी ताळा करायचा. पायऱ्या गाळू देऊ नका, बोर्डात पायऱ्यांनाही गुण असतात.

डिप्लोमाला वेगळी सीईटी नसते, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पण पहिल्याच सेमिस्टरला गणिताचा पेपर आहे, तेव्हा हे आत्ताच निस्तरलेलं बरं. आर्ट्स वाईट नाही हो, पण तिथं आवडीनं जावं. भागाकाराच्या जागी वजाबाकी केली म्हणून नव्हे.

आणि क्लास बदलता आला तर बदला. महिन्यानंतरच्या पानाचा फोटो तिलाच पाठवू दे.