लिनक्समध्ये कोणत्या डिस्क माउंट आहेत आणि किती जागा मोकळी आहे हे प्रोग्रॅममधून कसं काढावं? /एट्सी/एमटॅब ही माउंट असलेल्या डिस्कांच्या यादीची फाइल वाचली तर चालेल का?

एमटॅबच्या भरवशावर राहू नका. थेट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला विचारा.

हर्णैला एका मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर मी सांभाळायचो. डिझेलचा कोटा, बर्फाची उधारी, सगळं त्यावर. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली, दुसऱ्या दिवशी डिझेलसाठी बोटींची ही रांग, तांडेल (बोटींचे प्रमुख) काउंटरवर ओरडतायत आणि एक एंट्री सेव्ह होईल तर शपथ. सॉफ्टवेअर बसवून दिलेल्या इंजिनिअरला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "माउंट कमांड मारा. आरडब्ल्यू दिसतंय ना? मग डिस्क ठीक आहे, तुमच्याकडच्या पोरांनीच परमिशन बिघडवल्यात." आरडब्ल्यू, म्हणजे वाचता-लिहिता येतं, हे दिसत होतं हे खरं. पण त्या जुन्या मशीनवर माउंट कमांड एमटॅब वाचूनच यादी दाखवायची. मी कर्नलची स्वतःची यादी, /प्रॉक/माउंट्स, कॅट केली, तर त्याच पार्टिशनच्या ओळीत आरओ, म्हणजे रीड-ओन्ली! रात्रभर लाइट ये-जा करत होती. सकाळी पार्टिशन नीट माउंट झालं, पुढे ईएक्सटी३ या फाइलसिस्टिमला आत खराबी सापडली आणि एरर्स=रीमाउंट-आरओ हा माउंट ऑप्शन असल्याने कर्नलने ते रीड-ओन्ली करून टाकलं. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ते स्वच्छ लिहिलेलं होतं. एमटॅब लिहिते ती माउंट कमांड, कर्नल तिला हात लावत नाही. त्यामुळे तिथे सकाळचंच चित्र. तरी पोरांना बोल लागला तो लागलाच.

तर वाचायचं ते /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो. कर्नल २.६.२६ पासून आहे. मधले पर्यायी रकाने कमी-जास्त होतात, म्हणून मोजत बसू नका, एकटा डॅश शोधा. त्यापुढे फाइलसिस्टिमचा प्रकार, डिव्हाइस आणि सुपरब्लॉकचे, म्हणजे अख्ख्या फाइलसिस्टिमचे ऑप्शन. आमच्यासारखी केस असेल तर सहाव्या रकान्यात (तिथे त्या माउंटचे ऑप्शन असतात) आरडब्ल्यूच दिसेल, आरओ दिसेल ते अगदी शेवटच्या रकान्यात. दोन्ही तपासा. नावात स्पेस असेल तर तिथे \०४० येतं.

मोकळ्या जागेसाठी स्टॅटव्हीएफएस हा कॉल. त्यातून मिळणारे एफ_बीअव्हेल (मोकळे ब्लॉक) गुणिले एफ_एफआरसाइझ (ब्लॉकचा आकार). एफ_बीफ्री घेऊ नका, त्यात रूटसाठी राखलेली जागाही धरलेली असते.

आता बहुतेक डिस्ट्रोमध्ये एमटॅब ही /प्रॉक/सेल्फ/माउंट्स या कर्नलच्या यादीकडे नेणारी सिमलिंकच असते, म्हणजे तुमचं काम तिच्यावरही भागेल. पण गावोगावच्या ऑफिसांत अजून जुनी मशीन चालू आहेत. कर्नल ६.८ पासून लिस्टमाउंट आणि स्टॅटमाउंट हे सिस्टिम कॉलही आलेत, कर्नल नवा असेल तर तेच वापरा.

आणि लांबून सपोर्ट देत असाल तर आधी डीमेसेज मागवा, मग कोकणातल्या पोरांचं नाव घ्या. लाइट आमच्याकडे जाते, मान्य. ती जाणार हे धरून मॉनिटरिंग लिहायचं काम तुमचं होतं.

हां, एनएफएस (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) असेल आणि पलीकडचा सर्व्हर बंद पडला तर स्टॅटव्हीएफएस तिथेच लटकतो. तो कॉल वेगळ्या थ्रेडमध्ये ठेवा.