माहीत असलेली तार

बारामतीला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, पूर्ण होतोय, पुढे ऑस्ट्रेलियात फवारणीची विमानं उडवायची आहेत, पण घरचे विजेच्या तारांना घाबरतात, त्यांचं कितपत खरं मानू, असं तू विचारलंस. खरंच मान. मी न्यू साउथ वेल्समध्ये ग्रिफिथच्या बाजूला हेच काम करतो. इथे भाताची पेरणीसुद्धा विमानातून होते.

आपल्याकडे अकरा केव्हीच्या तीन तारा आणि जवळजवळ खांब बघायची डोळ्यांना सवय असते. इथे लांबच्या शेतघरांना बऱ्याचदा एकाच तारेवरून वीज जाते आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येतो. या ‘स्वेअर’ लाइनवर १२.७ किंवा १९.१ केव्ही असतं, दोन खांबांत शेकडो मीटर अंतर असतं आणि कित्येकदा खांब झाडीत दडलेले असतात. आपण पिकावर तीन-चार मीटरवरून, ताशी २०० किलोमीटरच्या पुढे, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरहून जास्त वेगाने जात असतो. अशा वेळी तार शोधत बसायचं नाही, खांब शोधायचे. इन्सुलेटर कुठल्या बाजूला आहेत, खांबाला आधाराची ताणतार कुठे दिलीय, यावरून तार कुठे वळली ते कळतं. पंप किंवा घर दिसलं, की त्याला वीज कुठून आली हे सापडेपर्यंत खाली यायचं नाही. कडक उन्हात तारा आणखी लोंबतात, तेही धरायचं.

मला मात्र सर्वात जास्त धास्ती माहीत असलेल्या तारेची वाटते. एटीएसबी या इथल्या अपघात-तपास संस्थेच्या अभ्यासात, तारेला धडकलेल्या वैमानिकांपैकी ६३ टक्क्यांना ती कुठे आहे हे आधीच ठाऊक होतं! वारा फिरतो, नजर जीपीएसवर जाते, औषध संपत आलेलं असतं, आणि तार मनातून निसटते. शेवटी कडा मारताना, म्हणजे क्लीन-अप रनला तर दिशाच बदललेली असते. त्या फेरीआधी वर जाऊन पुन्हा पाहणी करायचीच. काचेसमोरच्या वायर कटरवर विसंबू नकोस.

परवान्याचं थोडक्यात सांगतो: कासाचा, म्हणजे इथल्या विमान वाहतूक नियामकाचा सीपीएल, कमी उंचीवर उडण्यासाठी लो-लेव्हल रेटिंग, फवारणीसाठी एरियल अॅप्लिकेशन रेटिंग, आणि त्यानंतरही सुरुवातीचे तास देखरेखीखाली. आधी बहुधा लोडरचं काम मिळेल, औषध कालवायचं आणि टाकी भरायची. ते नाकारू नकोस. जुने वैमानिक नकाशावर तारा कशा आखतात, ते तिथेच शिकायला मिळतं.

नोकरी घेताना मालकाला दोन गोष्टी विचार. प्रत्येक शेताचा तारांचा नकाशा उडण्याआधी हातात मिळतो का? आणि वैमानिकाने तारेखालचा पट्टा न फवारता सोडला, तर चालतं का? दुसऱ्या प्रश्नावर तो कुरकुरला, तर पगार कितीही असो, तिथे जाऊ नकोस.