सातबारा मुलांच्या नावे करण्याआधी : ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या अर्थसाहाय्याविषयी कृषी सल्ला

प्रश्न : औसा तालुक्यातील 67 वर्षांच्या एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, त्यांच्या नावे अडीच एकर कोरडवाहू जमीन असून त्यात सोयाबीन आणि तूर घेतली जाते. जमीन मुलांच्या नावे करून दिली, की निराधारचा पगार सुरू होतो, असे गावात सांगितले जाते. तसे करावे काय?

उत्तर : केवळ या कारणासाठी जमीन नावावरून काढू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ज्याला आपण निराधारचा पगार म्हणतो, ती आपल्या वयाला लागू होणारी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना होय. वय 65 वर्षे पूर्ण, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव, या तिच्या मुख्य अटी आहेत. दरमहा 1,500 रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रात करावा लागतो. उत्पन्न या मर्यादेत बसत असेल तर अवश्य अर्ज करावा, मात्र दाखल्यासाठी उत्पन्न कमी करून सांगू नये, कारण पडताळणीत ते उघड झाल्यास मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ येते.

आता जमीन हस्तांतरित केल्यावर काय जाते, ते पाहावे. पीएम किसान योजनेचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6,000, असे मिळून 12,000 रुपये जमीनधारक शेतकऱ्याला मिळतात. जमीन नावावरून गेली की आपली पात्रता संपते. एवढेच नव्हे, तर 1 फेब्रुवारी 2019 नंतर वारसाहक्काखेरीज अन्य मार्गाने नावावर आलेल्या जमिनीवर पीएम किसानचा लाभ दिला जात नाही; म्हणजे बक्षीसपत्राने किंवा हयातीतील वाटणीने जमीन घेणाऱ्या मुलालाही त्या जमिनीच्या आधारे हा हप्ता मिळणार नाही. वडिलांचे गेले आणि मुलाला आले नाही, अशी स्थिती होते. पगार मंजूर होईलच याची हमी नसताना घरात येणारी रक्कम घालवणे मला योग्य वाटत नाही.

घरातील अन्य कारणाने जमीन द्यायचीच असेल, तर बक्षीसपत्रात ‘आई-वडिलांचा सांभाळ व औषधपाणी करण्याच्या अटीवर’ असे स्पष्ट शब्द घालून घ्यावेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या 2007 च्या निर्वाह कायद्यातील कलम 23 नुसार, ही अट असूनही सांभाळ न केल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. लिहून देताना मुलांवर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, म्हणून बहुतेक जण हे वाक्य टाळतात. आपण टाळू नये.

आपले उत्पन्न 21,000 च्या वर असले तरी दोन गोष्टी आपल्यासाठी खुल्या आहेत आणि त्या गावात फारशा माहीत नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना, कुटुंबाचे उत्पन्न 2 लाखांच्या आत असल्यास, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा वा कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी 3,000 रुपये एकदाच थेट खात्यात मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयाकडे करावा. दुसरे म्हणजे, आपल्याला आणखी तीन वर्षांनी मिळू शकणारे आयुष्मान वय वंदना कार्ड. वयाची 70 वर्षे पूर्ण झाली, की उत्पन्नाची कोणतीही अट न लावता वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते.

प्रश्न : कळमनुरी तालुक्यातील 62 वर्षांच्या एका भगिनी लिहितात की, पती वारल्यापासून पीएम किसानचा हप्ता बंद आहे आणि सातबारा अजून पतीच्याच नावे आहे.

उत्तर : ताई, प्रथम वारस नोंद करून घ्यावी. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची माहिती देऊन तलाठ्यांकडे अर्ज करावा. हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. वारसाने आलेल्या जमिनीला वर सांगितलेली 2019 ची आडकाठी नसल्याने, सातबाऱ्यावर नाव लागताच आपल्या नावे पीएम किसानची नवी नोंदणी करता येईल. उत्पन्न मर्यादेत असल्यास विधवा म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेतूनही आपण अर्ज करू शकता. त्यासाठी 65 वर्षांपर्यंत थांबण्याची गरज नाही.

आयुष्यभर खुरपणी आणि कापूस वेचणी केलेल्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि केंद्रावरील यंत्र अंगठा घेत नाही, ही अडचण आपल्याकडे घरोघरी आहे. पीएम किसानच्या मोबाईल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी होते, तेव्हा अंगठा लागला नाही म्हणून माघारी फिरू नये. आधार कार्डावरील जन्मवर्ष आणि बँक खात्याची आधार जोडणीही तपासून घ्यावी. खाते जोडलेले नसेल तर मंजूर पैसेही अडकून राहतात.

प्रश्न : परळी तालुक्यातील 30 वर्षांचे शेतकरी स्वतःच्या म्हातारपणाची सोय विचारतात.

उत्तर : पीएम किसान मानधन योजनेत 18 ते 40 वयाच्या, 2 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याला नाव नोंदवता येते. आपल्या वयाला महिन्याला 105 रुपये भरावे लागतील, चाळिशीत नोंदणी केल्यास 200. तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते आणि 60 नंतर दरमहा 3,000 रुपये मिळतात; पश्चात जोडीदाराला त्याच्या निम्मी रक्कम चालू राहते. पीएम किसानच्या हप्त्यातूनच वर्गणी कापून घेण्याची सोय आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते. आधार कार्ड आणि बँक पासबुक सोबत न्यावे.